पाच सेकंदांची वीज

१९ जून २०२४ च्या दुपारी दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॉटवर पोचली. तोवरचा हा उच्चांक होता. त्या दिवशी किमान तापमानच ३५ अंशांच्या पुढे होतं. रात्रभर चाललेले एसी सकाळीही बंद झाले नाहीत, आणि दुकानं, कचेऱ्या, मॉल यांचे त्यात येऊन मिळाले. तरीही शहर अंधारात गेलं नाही. दिल्लीची स्वतःची वीजनिर्मिती या मागणीच्या मानानं थोडीच आहे. बाकीची वीज बाहेरून येते, सिंगरौलीच्या कोळशातून, हिमाचलच्या नद्यांतून, राजस्थानच्या उन्हातून. देशभर तारांचं एकच जाळं आहे आणि दिल्ली त्याच्या भरवशावर जगते.

आता मॉरिशस बघा. मुख्य बेटाचं क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे १,४८३ चौरस किलोमीटरच्या दिल्लीपेक्षा थोडं मोठंच. लोकसंख्या मात्र साडेबारा लाखांच्या घरात आणि विजेची कमाल मागणी पाचशे मेगावॉटच्या थोडी वर, दिल्लीच्या त्या दुपारच्या साधारण सोळाव्या हिश्श्याएवढी. आकडा लहान आहे म्हणून काम सोपं असेल असं वाटतं. पण वीजजाळं जितकं लहान, तितकं ते सांभाळणं अवघड. दिल्लीत काही बिघडलं तर शेजारी धावून येतात. मॉरिशसच्या चहूबाजूंना समुद्र आहे.

वीज साठवण्याबद्दल आपल्याकडे गेल्या सात-आठ वर्षांत पुष्कळ बोललं गेलं, आणि बरंचसं दिल्लीत बोललं गेलं. मंत्रालयं इथे, नियामक आयोग इथे, परिषदा इथे. बेटदेशांना सौरऊर्जेकडे नेण्याचा विडा उचललेली आंतरराष्ट्रीय सौर आघाडीसुद्धा इथेच, गुरुग्रामच्या ग्वाल पहाडीत. हे सगळं बोलणं ऐकताना एक गोष्ट मला फार खटकते. साठवणुकीचा सगळा हिशेब आपण तासांत करतो. दोन तासांची बॅटरी, चार तासांची बॅटरी, रात्रभराची बॅटरी. बेटावरची वीज मात्र बहुतेकदा सेकंदांत जाते. त्या सेकंदांसाठी लागणारी वस्तू वेगळी आहे. ती बनवण्याचं ज्ञान आपल्याकडे आहे, तेही कोल्हापुरासारख्या गावात, पण ती विकत घेण्याची सोय आपल्या कुठल्याच योजनेत नीट नाही.

हे समजायला विजेची फ्रिक्वेन्सी समजून घ्यावी लागते. भारतात ती सेकंदाला ५० आवर्तनं असते आणि ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ती राखायची असते. मागणी आणि निर्मिती यांत क्षणभर जरी तफावत पडली तरी फ्रिक्वेन्सी हलते. निर्मिती कमी पडली की ती घसरते, जास्त झाली की चढते. दिल्लीत कुतुब इन्स्टिट्यूशनल एरियात राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र आहे, तिथे दिवसरात्र हाच आकडा पाहिला जातो. करोनाच्या टाळेबंदीत ५ एप्रिल २०२० च्या रात्री देशानं नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा मागणी ३१,०८९ मेगावॉटनं घटली आणि फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ एवढीच हलली. या कामगिरीचं कौतुक तेव्हा व्हायला हवं होतं तितकं झालं नाही. जलविद्युत केंद्रांच्या कर्मचाऱ्यांनी ती नऊ मिनिटं तोलून धरली होती.

त्यामागे आणखी एक कारण होतं, जाळ्याचा आकार. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला जोडलं गेलं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, कच्छपासून अरुणाचलपर्यंत सगळी जनित्रं एका लयीत फिरतात. सोलापूरच्या माणसाला आपल्या गावाजवळ देशाचं जाळं पुरं झालं हे क्वचितच ठाऊक असतं. एवढ्या प्रचंड जाळ्यात हजारो टन वजनाची टर्बाइनं आणि रोटर मिनिटाला हजारो फेरे घेत असतात. एखादा संच बंद पडला तर बाकीच्यांच्या फिरण्यातली ऊर्जा पहिले काही सेकंद तूट भरून काढते. त्यालाच जडत्व म्हणायचं. त्या सवडीत दुसरे संच वाफ वाढवतात, पाण्याची दारं उघडतात.

जडत्व असूनही जाळं कोसळू शकतं, हेही दिल्लीनं पाहिलं आहे. ३० जुलै २०१२ च्या मध्यरात्रीनंतर बिना–ग्वाल्हेर–आग्रा ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी सुटली आणि सगळा उत्तर भारत काळोखात गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडलं, या वेळी पूर्व आणि ईशान्य भारतासकट. साठ कोटींहून अधिक लोक त्या कक्षेत येत होते. मेट्रो बोगद्यांत थांबल्या, कोळसा खाणींत माणसं अडकली. बिघाड एका वाहिनीचा होता. तो पसरायला लागलेला वेळ मात्र काही सेकंदांचा.

मॉरिशसमध्ये बेल व्ह्यू इथल्या औष्णिक केंद्रात ३५ मेगावॉटचे दोन संच आहेत. भारताच्या जाळ्यात ३५ मेगावॉट गेले तर कोणाला पत्ताही लागणार नाही. तिथे मागणी पाचशेवर असताना असा एक संच गेला, तर देशाच्या सात टक्के विजेला क्षणात भोक पडतं. रात्री मागणी उतरलेली असताना हे प्रमाण आणखी वाढतं. त्यात सौरऊर्जेची भर पडते. क्युरपिपच्या पठारावर ढग येतात-जातात ते मिनिटांत. एक ढग सरकला की सौर पट्ट्यांची निर्मिती कोसळते, तो गेला की उसळी मारते. सौर इन्व्हर्टरमध्ये फिरणारं वजन नसतं, त्यामुळे जडत्वही नसतं. जितकी सौरऊर्जा वाढवाल तितकी पहिल्या काही सेकंदांची सवड कमी होत जाते.

मॉरिशसचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. या बेटाशी आपलं नातं जुनं आहे. १८३४ नंतर गिरमिट्या, म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून जी माणसं तिथल्या उसाच्या मळ्यांत गेली, त्यांत कोकणातली मराठी कुटुंबंही होती. आज तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि मोका इथे २०२३ च्या एप्रिलमध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तिथल्या मराठी लोकांचे पूर्वज ज्या उसात राबले तो ऊस अजूनही देशाला वीज देतो. साखर कारखान्यांतलं चिपाड, म्हणजे बगॅस, जाळून तिथे वीज तयार होते. कोल्हापूर-सांगलीच्या सहवीज प्रकल्पांत जे चालतं तेच. फरक इतकाच की तिथला गळीत हंगाम जूनच्या सुमारास सुरू होतो आणि डिसेंबरात आटोपतो. उरलेले महिने त्याच बॉयलरांत आयात केलेला कोळसा पडतो. म्हणजे बगॅस ही उन्हाची सहा महिन्यांची साठवणच झाली, फक्त वर्ष बारा महिन्यांचं असतं.

ग्वाल पहाडीला जायचं तर छतरपूरच्या पुढे मंडी गावाचा रस्ता धरायचा. फार्महाउसांच्या उंच भिंती संपल्या की अरवलीचे खडकाळ उतार लागतात, त्यांवर विलायती कीकरांचं रान. इथे १९८२ मध्ये सौरऊर्जा केंद्र निघालं. २०१३ मध्ये त्याची राष्ट्रीय सौरऊर्जा संस्था झाली. सौर पट्ट्या तपासणं, पंप तपासणं, तंत्रज्ञांना शिकवणं ही तिची कामं. याच आवारात आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचं मुख्यालय आहे. ३० नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसच्या हवामान परिषदेत भारत आणि फ्रान्सनं तिची घोषणा केली, २५ जानेवारी २०१६ ला इथे पायाभरणी झाली आणि ६ डिसेंबर २०१७ रोजी करार अमलात आला. सुरुवातीला मंजुरी देणाऱ्या देशांत फिजी, मॉरिशस, सेशेल्स, नौरू, तुवालू, कोमोरोस होते. मला हे फार बोलकं वाटतं. नकाशावर टाचणीच्या टोकाएवढे देश सगळ्यांत आधी आले, कारण डिझेलचं जहाज उशिरा पोचलं तर काय होतं हे त्यांना माहीत होतं. आज सदस्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली आहे. भारतात मुख्यालय असलेली ही पहिली करारबद्ध आंतरशासकीय संघटना, आणि तिचा पत्ता हरियाणातल्या एका गावाचा आहे.

मॉरिशसमध्ये टॅमरिंड फॉल्स इथला ८ मेगावॉटचा सौर प्रकल्प भारताच्या मदतीनं उभा राहिला. २० जानेवारी २०२२ रोजी दोन्ही पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीवरून त्याच्या बांधकामाचा आरंभ केला. मॉरिशसच्या वीज मंडळानं स्वतःहून शहाणपणाचं एक पाऊल आधीच उचललं होतं. २०१८ पासून त्यांनी उपकेंद्रांवर बॅटऱ्या बसवायला घेतल्या, एकूण १८ मेगावॉटच्या. त्यांचं मुख्य काम रात्री दिवे लावण्याचं नाही. फ्रिक्वेन्सी घसरली की झटक्यात वीज ओतायची आणि चढली की शोषून घ्यायची, यासाठी त्या आहेत. बेटाला नेमकं काय हवं हे बेटावरच्या माणसांना आधी कळलं.

दिल्लीचा अनुभव दुसऱ्या वाटेनं गेला. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी रोहिणीच्या उपकेंद्रात १० मेगावॉट क्षमतेची, तासभर पुरणारी बॅटरी सुरू झाली. टाटा पॉवर दिल्ली, एईएस आणि मित्सुबिशी यांचा हा प्रकल्प, आणि वीजजाळ्याला जोडलेली एवढी मोठी बॅटरी देशात ही पहिली. मग २०२५ मध्ये यमुनेच्या काठाजवळच्या किलोकरी उपकेंद्रात २० मेगावॉटची, दोन तास पुरणारी बॅटरी आली. बीएसईएस राजधानी, इंडिग्रिड आणि ॲम्पिअरआवर यांनी ती उभारली. दुपारची स्वस्त वीज साठवायची आणि संध्याकाळी-रात्री मागणी चढली की द्यायची, असं तिचं वेळापत्रक. दक्षिण दिल्लीतल्या दाटीवाटीच्या वस्त्यांना, जिथे नवं रोहित्र ठेवायला हातभर जागा मिळत नाही, तिथे याचा फायदा स्पष्ट आहे. दोन्ही प्रकल्प चांगले आहेत. दोन्ही तासांचे आहेत.

सेकंदांचं काम करणारी वस्तू म्हणजे सुपरकॅपॅसिटर. एक प्रचलित नमुना हातात घेऊन बघू. ॲल्युमिनियमचा दंडगोल डबा, साडेपाच इंच लांब, अर्धा किलो वजनाचा, वरखाली जाड टोकं. धारकता ३,००० फॅरड, व्होल्टेज २.७. धारकतेचा निम्मा आकडा घ्या, त्याला व्होल्टेजच्या वर्गानं गुणा. उत्तर येतं सुमारे ११ हजार ज्यूल, म्हणजे तीन वॉट-तास. टीव्हीच्या रिमोटमधला एक पेन्सिल सेल जवळपास एवढीच ऊर्जा देतो. अर्ध्या किलोच्या डब्यात पेन्सिल सेलएवढी वीज, हे ऐकून कोणीही नाक मुरडेल. पण पेन्सिल सेल ती ऊर्जा तासन्‌तास घेऊन झिरपत देतो. हा डबा ती काही सेकंदांत मोकळी करतो, तितक्याच वेळात पुन्हा भरतो आणि हे दहा लाख वेळा करू शकतो. लिथियम बॅटरीची फेऱ्यांची मजल काही हजारांची. बॅटरी ही बँकेतली मुदत ठेव, तर सुपरकॅपॅसिटर म्हणजे खिशातली मोड. रिक्षावाल्याला द्यायला मुदत ठेव उपयोगी पडत नाही.

हा फरक कशामुळे पडतो? बॅटरीत रासायनिक क्रिया होते, अणू एका जागेहून दुसऱ्या जागी जाऊन बसतात, पदार्थ फुगतो-आकसतो, झिजतो. कार्बनच्या सुपरकॅपॅसिटरमध्ये अशी क्रिया होतच नाही. कार्बनच्या पृष्ठभागावर द्रावणातले आयन नुसते चिकटतात आणि सुटतात. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झनं या दुहेरी थराची कल्पना मांडली होती. विद्युतभार ठेवायला जागा मोठी हवी, म्हणून कार्बन असा हवा की ज्याच्या आत छिद्रंच छिद्रं. सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममध्ये दीड-दोन हजार चौरस मीटर पृष्ठभाग दडलेला असतो. चिमूटभर काळ्या भुकटीत कित्येक टेनिस कोर्टं मावतात.

ही भुकटी कशापासून बनते? बऱ्याचदा नारळाच्या करवंटीपासून. करवंटी जाळून, वाफेनं सक्रिय करून जो कार्बन मिळतो त्याची छिद्रं बारीक आणि एकसारखी असतात, राख कमी असते. श्रीलंकेतली हेकार्ब ही कंपनी सुपरकॅपॅसिटरसाठी असा कार्बन विकते. जपानच्या कुरारे कंपनीचा करवंटीचा कार्बन तर जगभर मापदंड मानला जातो. बेटांवर ज्याचे ढीग पडलेले असतात त्याच मालातून बेटांची वीज स्थिर ठेवणारी वस्तू घडते, आणि आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीत करवंट्या अजून पाणी तापवायच्या चुलीत जातात.

कारखान्यातलं काम मात्र नाजूक. कार्बनची भुकटी, वीजवाहक काजळी आणि चिकटवणारा पदार्थ यांचा लगदा करायचा, तो ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खावर दोन्ही बाजूंनी सारख्या जाडीत लेपायचा, रुळांखाली दाबायचा, पट्ट्या कापायच्या. दोन पट्ट्यांमध्ये कागदी पडदा घालून घट्ट गुंडाळी करायची. ती निर्वात भट्टीत वाळवायची आणि कोरड्या खोलीत सेंद्रिय द्रावण भरून डबा बंद करायचा. सगळा जीव या वाळवण्यात असतो. पाणी १.२३ व्होल्टला फुटायला लागतं आणि इथे तर २.७ व्होल्ट द्यायचे असतात. गुंडाळीत ओलाव्याचा अंश राहिला की वायू होतो, डबा फुगतो, आयुष्य घटतं. जुलैतल्या दिल्लीत किंवा बारमाही दमट बेटावर ही कोरडी खोली चालवणं हाच कारखान्याचा मोठा खर्च. म्हणून लहान बेटदेशानं सुपरकॅपॅसिटरचा सबंध कारखाना काढावा असं मी म्हणणार नाही. कार्बन तिथे व्हावा, डब्यांची जुळणी तिथे व्हावी, नियंत्रणाची यंत्रणा तिथल्या अभियंत्यांच्या हाती असावी. मधला नाजूक टप्पा जिथे माणसं आणि यंत्रं तयार आहेत तिथे व्हावा.

भारतात तो कुठे होतो? केरळात कण्णूरला केल्ट्रॉननं इस्रोच्या तांत्रिक साहाय्यानं सुपरकॅपॅसिटरचं उत्पादन केंद्र उभारलं. १ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचं उद्घाटन झालं. रॉकेटला लागणारी वस्तू सार्वजनिक क्षेत्रातल्या कारखान्यात घाऊक बनू लागावी, ही मोठी गोष्ट आहे.

आणि संशोधनाचं म्हणाल तर कोल्हापूरला जावं लागतं. शिवाजी विद्यापीठात प्रा. चंद्रकांत लोखंडे यांनी पातळ थरांवर काम करणारी मोठी परंपरा उभी केली. पुढे ते डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात गेले आणि ते काम तिथेही चाललं. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. काचेच्या चंचुपात्रात धातूच्या क्षाराचं द्रावण घ्यायचं, त्यात घासून स्वच्छ केलेली स्टेनलेस स्टीलची पट्टी उभी सोडायची, पात्र कोमट पाण्यात ठेवायचं. काही वेळानं द्रावण गढूळ होतं आणि पट्टीवर तपकिरी किंवा काळसर थर धरतो. पट्टी धुऊन वाळवली की इलेक्ट्रोड तयार. कोट्यवधींची निर्वात यंत्रं नकोत, परदेशी अनुदान नको. मँगनीज, रुथेनियम अशा धातूंच्या ऑक्साइडांचे असे थर कार्बनपेक्षा जास्त भार धरतात. २०११ मध्ये लोखंडे, त्यांचे विद्यार्थी दीपक दुबल आणि कोरियन सहकारी यांनी धातूंच्या ऑक्साइडांच्या थरांवरच्या सुपरकॅपॅसिटरचा आढावा प्रसिद्ध केला. या विषयात तो जगभर वाचला गेला. दुबल आता ब्रिस्बेनच्या विद्यापीठात प्राध्यापक आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकरी घरांतली कितीतरी मुलं-मुली या वाटेनं संशोधनात आली, कारण त्यासाठी लागणारी सामग्री विद्यापीठाला परवडत होती.

इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच २०११ साली युरी गोगोत्सी आणि पॅट्रिस सिमॉन यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात बजावलं होतं की मिलिग्रॅमभर पदार्थावर मोजलेले उच्चांक प्रत्यक्षातल्या डब्यात टिकत नाहीत. लेप जाड झाला, वर्ख, द्रावण, डबा यांचं वजन धरलं की आकडा कितीतरी खाली येतो. चंचुपात्रापासून कोरड्या खोलीपर्यंतचा हा प्रवास म्हणजे पैशाचा, यंत्रांचा आणि चिकाटीचा प्रश्न आहे. कोल्हापुरातला थर कण्णूरच्या गुंडाळीत बसतो का, हे कुणीतरी सरकारी खर्चानं वर्षानुवर्षं तपासत राहायला हवं. शोधनिबंध छापून आले की आपल्याकडे प्रकल्प संपला असं मानतात. माझ्या मते खरं काम तिथून सुरू व्हायला हवं.

सुपरकॅपॅसिटर बेटावर चालतो का, याचं उत्तर स्पेनच्या कॅनरी बेटांत मिळालेलं आहे. ला पाल्मा या बेटाचं वीजजाळं मॉरिशसच्याही दहाव्या हिश्श्याचं. एंडेसा या वीज कंपनीनं तिथे गेल्या दशकात सुपरकॅपॅसिटरची व्यवस्था बसवली. ताकद ४ मेगावॉट, साठा २० मेगाज्यूल. भागाकार केला तर उत्तर येतं पाच सेकंद. पूर्ण ताकदीनं ती पाच सेकंदच चालते. तिच्यात साठणारी ऊर्जा साडेपाच युनिट, दिल्लीतल्या फ्लॅटमधला दीड टनाचा एक एसी साधारण चार तासांत खातो तेवढी. एवढ्या साठ्यावर आख्ख्या बेटाची फ्रिक्वेन्सी सावरता येते, कारण डिझेलचं जनित्र जोर धरेपर्यंत मधली फट तेवढीच असते. हा आकडा पहिल्यांदा समजला तेव्हापासून तासांच्या हिशेबावर माझा विश्वास डळमळला.

लिथियम बॅटरीसुद्धा सेकंदाच्या आत प्रतिसाद देते, हे खरं आहे. मॉरिशसच्या बॅटऱ्या तेच करतात. मग सुपरकॅपॅसिटर कशाला? दिवसातून शेकडो वेळा भर-सोड करावी लागली तर बॅटरी त्यात लवकर म्हातारी होते. उष्णतेचंही आहे. लिथियमचे कंटेनर थंड ठेवायला एसी चालवावे लागतात आणि तो खर्च साठवणुकीच्या हिशेबातून वजा होतो. सुपरकॅपॅसिटर उणे ४० ते ६५ अंशांपर्यंत काम करतो. त्याचे दोषही मोठे आहेत. काही दिवस नुसता ठेवला तर भार आपोआप गळतो, आणि युनिटमागे किंमत धरली तर तो बॅटरीच्या जवळपासही येत नाही. म्हणून दोघांची जोडी लावायची. धक्के सुपरकॅपॅसिटरनं खायचे, तासांचं ओझं बॅटरीनं वाहायचं.

दिल्लीत ही जोडी कुठे शोभेल? प्रत्येक मेट्रो स्टेशनबाहेर ई-रिक्षांची रांग असते. सीटखाली शिसे-आम्लाच्या चार बॅटऱ्या. दर थांब्यावर चार-पाच माणसं घेऊन रिक्षा हलते तेव्हा मोटर भलामोठा प्रवाह ओढते, आणि दिवसभरात असे शेकडो झटके त्या बॅटऱ्या सोसतात. चालकाच्या कमाईतला मोठा वाटा नव्या बॅटऱ्यांत जातो. जिन्याच्या वरच्या मजल्यावर धावणाऱ्या मेट्रोची गोष्ट उलटी आहे. गाडी ब्रेक लावते तेव्हा मोटर जनित्र होते आणि वीज तारेत परत जाते. दिल्ली मेट्रोनं २००४ ते २००७ या काळात अशी १,१२,५०० मेगावॉट-तास वीज परत मिळवली आणि ९०,००४ टन कार्बन डायऑक्साइड टाळल्याचा हिशेब संयुक्त राष्ट्रांकडे मांडला. या कामाबद्दल कार्बन क्रेडिट मिळवणारा तो जगातला पहिला रेल्वे प्रकल्प ठरला. दिल्लीला हे सोपं गेलं कारण तिथे २५ किलोव्होल्टचा प्रत्यावर्ती (एसी) पुरवठा आहे, परतलेली वीज जाळ्यात मुरते.

मॉरिशसची मेट्रो एक्स्प्रेस भारताच्या आर्थिक मदतीनं लार्सन अँड टुब्रोनं बांधली, ऑक्टोबर २०१९ मध्ये तिचं उद्घाटन झालं. ती ७५० व्होल्ट डीसीवर चालते. डीसी पुरवठ्यात ब्रेकची वीज घ्यायला जवळपास दुसरी गाडी नसेल तर ती उष्णता होऊन वाया जाते. म्हणून माद्रिद, कोलोन अशा शहरांनी रुळाकडेच्या उपकेंद्रांत सुपरकॅपॅसिटर बसवून पाहिले. मॉरिशसला गाड्या देणाऱ्या स्पेनच्या काफ कंपनीच्या ट्राम सेव्हिल, तैवानमधलं काओशुंग इथे सुपरकॅपॅसिटरवर तारेविना धावतात, थांब्यावर उतारू चढेपर्यंत भरून घेतात. दिल्लीच्या मदतीनं झालेल्या प्रकल्पात दिल्लीनं पुढची भर घालायची असेल तर ती इथे घालता येईल.

पण आपली धोरणं कोणत्या मापात लिहिली आहेत? मे २०२१ मध्ये केंद्रानं प्रगत बॅटरी उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिचं माप ५० गिगावॉट-तास. सप्टेंबर २०२३ मध्ये साठवणूक प्रकल्पांना भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत देणारी योजना आली. तिचं तेव्हाचं माप ४,००० मेगावॉट-तास. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सौर निविदांत क्षमतेच्या किमान १० टक्के, दोन तास पुरणारी साठवणूक जोडा असं सुचवण्यात आलं. वीज नियामक आयोगाच्या २०२२ च्या नियमांत फ्रिक्वेन्सी सावरण्याच्या सेवेला पैसे मिळतात, पण प्रतिसाद तीस सेकंदांत सुरू झाला तरी चालतो. जी वस्तू पाच सेकंदांत आपलं सगळं काम करून मोकळी होते तिला या कोष्टकांत रकानाच नाही. युनिटमागे किंमत विचारली की ती पहिल्याच फेरीत बाद होते. साडेपाच युनिटची ला पाल्माची व्यवस्था या मापानं हास्यास्पद महाग ठरली असती.

हे बदलणं अशक्य नाही. पुण्यातून डॉ. राहुल वालावलकर यांनी २०१२ मध्ये ऊर्जा साठवणूकदारांची आघाडी सुरू केली तेव्हा दिल्लीत बॅटरी हा विषय इन्व्हर्टरच्या दुकानापुरता होता. दहा-बारा वर्षांत तो मंत्रिमंडळाच्या बैठकीत पोचला. तासांची बाजू अशी लावून धरली गेली, सेकंदांचीही धरता येईल. ग्वाल पहाडीच्या आवारात बेटाएवढं छोटं जाळं मुद्दाम वेगळं तोडून, त्यावर सौर पट्ट्या, डिझेल जनित्र, लिथियम आणि सुपरकॅपॅसिटर एकत्र चालवून दाखवता येईल. फिजी, सेशेल्स, मॉरिशसच्या अभियंत्यांनी तिथे येऊन जनित्र बंद पाडावं आणि आलेख स्वतः बघावा. परिषदेतल्या भाषणांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल अशी माझी खात्री आहे.

मॉरिशसनं २०२१ मध्ये जाहीर केलं की ६० टक्के वीज हरित करायची आणि कोळसा बंद करायचा. मुदत मागेपुढे होईल, दिशा ठरलेली आहे. कोळशाबरोबर त्याची फिरती टर्बाइनंही थांबणार, आणि डिसेंबरात गळीत आटोपल्यावर बगॅसचीही थांबतात. जानेवारी ते एप्रिल हे वादळांचे आणि उन्हाळ्याचे महिने, तेव्हा एसी सर्वाधिक चालतात आणि जाळ्यात जडत्व सगळ्यांत कमी उरणार. कोळशाचा शेवटचा संच बंद करण्याची तारीख ठरवण्याआधी वीज मंडळाला पहिल्या पाच सेकंदांची सोय विकत घ्यावी लागेल. त्या निविदेत मेगावॉट-तासांच्या रकान्याशेजारी प्रतिसादाच्या मिलिसेकंदांचा आणि आयुष्यभरातल्या फेऱ्यांचा रकाना असला, तर कण्णूरच्या कारखान्याला तिच्यात भाग घेता येईल.